सहल ठरली आणि झोप उडाली: बदामी-हंपी, दोन ज्येष्ठ आणि माझी एक्सेल

ओंजळ · १४ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.५२

नाताळच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन बदामी-हंपी करायचं ठरलंय. मी, नवरा, नववीतली लेक आणि माझे आईबाबा. आई ६९, बाबा ७४. आईचे गुडघे बोलतात. बाबांना बीपी आहे आणि सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. गाडी आमचीच, सात जणांची. नवरा चालवणार, मधेमधे मी.

बदामी का, तर बनशंकरी ही माझ्या माहेरची कुलदेवता. आई लग्नानंतर एकदाच गेली होती. 'ओटी राहिलीय' हे मी गेली दहा वर्षं ऐकतेय. हंपी हा माझा हट्ट.

ठरेपर्यंत मी मजेत होते. ज्या रात्री हॉटेलांचे पैसे भरले त्या रात्रीपासून झोप गेली. तीनला टक्क जाग येते. मग उठून एक्सेल उघडते. तिच्यात आता सात शीट आहेत. शेवटच्या शीटचं नाव 'काय काय बिघडू शकतं', ओळी त्रेचाळीस. नवरा म्हणतो चव्वेचाळिसावी टाक: बायको निघायच्या आधीच आजारी.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबा आता म्हणायला लागलेत, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो." कारण विचारलं तर "सगळं बघितलंय माझं." बघितलेलं नाहीये! मला वाटलं हार्टची धास्ती असेल. म्हणून पुण्यापासून हंपीजवळच्या होसपेटपर्यंत वाटेतली सगळी हॉस्पिटलं शोधली, नकाशावर खुणा केल्या आणि त्यांना दाखवल्या. त्यानंतर तर साफच नाही म्हणाले.

वयस्क माणसांना घेऊन ही वाट कोणी केलीय का? आणि ही तीनची जाग कशी घालवायची?

---

भटकभवानी · १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

तुम्ही वडलांना सहलीचं आमंत्रण म्हणून हॉस्पिटलांची यादी दाखवलीत. मीही घरीच बसले असते. :)

आता कामाचं. पुणे-बदामी एका दमात करू नका. पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापूरला रात्र काढा. दुसऱ्या दिवशी विजयपुरात (म्हणजे आपलं विजापूर) गोल घुमट बाहेरून बघा, आत जाऊन खालूनच मान वर करा. वरच्या सज्जापर्यंतचे जिने गुडघेवाल्यांसाठी नाहीत. लेकीला पाठवा वर, तिची हाक खाली ऐकू येतेय का बघा.

बदामीला चार लेणी आहेत, एकाच कड्यात, एकाहून एक वर. पायऱ्या उंच आहेत. पण पहिलं लेणं फार वर नाही आणि अठरा हातांचा नटराज तिथेच आहे. आईंना तेवढं दाखवा आणि खाली सावलीत बसवा, पुढची तीन तुम्ही उरका. हातात पिशवी, बाटली काही नको. माकडं पिशवीची चेन उघडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जवळची पट्टदकल आणि ऐहोळेची जुनी देवळं सपाटीवर आहेत, तिथे काही त्रास नाही.

हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत आपली गाडी नेता येत नाही. साधारण किलोमीटरभर अलीकडे उतरून बॅटरीवरच्या गाडीनं जायचं. त्या गाड्यांना सुट्टीत मोठी रांग असते, म्हणून सकाळी उघडताक्षणी पोचा. तिथलं तिकीट फेकू नका, त्याच दिवशी कमळमहालाकडे तेच चालतं.

---

खारी_बिस्कीट · १५ नोव्हेंबर, सकाळी ९.३३

तीनच्या जागेवर उपाय नाही, पण सोबत आहे. मी कुलूपवाली. कुलूप लावते, तीनदा ओढते, खाली उतरते, परत वर जाते. एकदा खंबाटकी ओलांडल्यावर गॅस आठवला. गाडी वळवून घरी आलो. बंदच होता. त्या दिवशी गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

मग कोणीतरी सुचवलं की फोटो काढून ठेव. रेग्युलेटर, गिझरचं बटण, मोरीतला नळ, शेवटी कुलूप. फोटोवर वेळही असते. हा उपाय फारच चांगला आहे. गेल्या मे महिन्यात मी नेमाने सगळे फोटो काढले आणि फोन घरात विसरून कुलूप लावलं.

---

जुना_खोडकर · १५ नोव्हेंबर, सकाळी ११.०२

कठीण आहे तुमच्या पिढीचं. १९८४ साली आम्ही पाच माणसं, एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन लाल डब्यानं हेच सगळं केलं. ना बुकिंग ना नकाशा. विजापूरला धर्मशाळेत जागा नव्हती तर स्टँडवर झोपलो. कोणाला अँग्झायटी झाली नाही.

---

खारी_बिस्कीट · १५ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

काका, वळकटी बांधली कोणी? पाच माणसांचे दशम्या-धपाटे, चटणी, लहानग्याचं दूध कोणी बघितलं?

---

जुना_खोडकर · १५ नोव्हेंबर, सकाळी ११.४१

सौ.ने. आत्ताच विचारलं तिला. म्हणाली, निघायच्या आधी चार रात्री झोप नव्हती. मला एक्केचाळीस वर्षांनी कळतंय. मुद्दा पोचला.

---

बेळगावकर · १५ नोव्हेंबर, दुपारी १.१५

तारखा काय आहेत, ते आधी सांगा बघू. २८ डिसेंबरपासून शाकंभरी नवरात्र बसतंय. ३ जानेवारीला पौष पौर्णिमा, त्या दिवशी बनशंकरीचा रथ. जत्रा पुढेही बरेच दिवस चालते. त्या आठवड्यात बदामीत खोली मिळायची नाही आणि देवळाकडच्या रस्त्याला गाडी लागली की लागली. वयस्कर माणसं घेऊन असलात तर नवरात्र बसायच्या आधीच दर्शन उरका.

आणि ओटीचा खण पुण्याहून नेऊ नका, हात जोडून सांगतो. बदामीपासून वीसेक किलोमीटरवर गुळेदगुड्ड आहे. तुमच्याकडे ज्याच्या आता पर्सा आणि कुर्ते शिवतात तो खण मूळचा तिथला. आईंना तिथे घेऊन जा आणि तासभर विसरा. इरकली हवी असेल तर इलकलसुद्धा त्याच मुलखात आहे, पण मग हंपी राहिली म्हणून समजा.

देवळासमोर मोठं तळं आहे, हरिद्रातीर्थ. तिथे बायका डोक्यावर बुट्टी घेऊन येतात. ज्वारीची भाकरी, एणगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. हॉटेल शोधत बसू नका. पायरीवर बसा आणि जेवा.

---

ओंजळ · १५ नोव्हेंबर, रात्री १०.०५

बेळगावकर, खणाचं आईला सांगितलं. तिचे गुडघे एकदम बरे झालेत.

निघायचं २० डिसेंबरला, शनिवारी. तर आईनं पंचांग काढलं: १९ ला अमावस्या आणि ती २० ला सकाळी सव्वासातच्या सुमारास संपते. मी पहाटे पाचला निघायचं लिहून ठेवलं होतं. आता साडेसात. नवरा खूश, त्याला पाचला उठायचं नव्हतंच. पहिल्यांदाच सासू-जावयाचं एकमत झालंय.

सोलापूरला मावशीकडे मुक्काम, २२ ला बनशंकरी, २३ ला पट्टदकल-ऐहोळे करून होसपेट, २४-२५ हंपी. बाबांचा नकार अजून जागच्या जागी आहे.

---

मिरजेची_मी · १६ नोव्हेंबर, सकाळी ८.२६

गाडी चालवत कशाला जाताय? मुंबईहून सोलापूर-विजयपुरामार्गे रेल्वे आहे ना, पुण्याला रात्री येते. फक्त तारीख नीट बघा. आम्ही एकदा दुसऱ्या एका रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं, सुटायची वेळ १२ वाजून ४० मिनिटं. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून शुक्रवारची तारीख टाकली. रात्री बारा वाजता सहा जण, अकरा डाग, प्लॅटफॉर्मवर. आमची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. सासूबाई अजून कोणाच्याही बारशा-लग्नात हे सांगतात.

---

निवृत्त_गार्ड · १६ नोव्हेंबर, सकाळी १०.४८

३४ वर्षं रेल्वेत काढली. मिरजेची_मी, तुमच्यासारखी माणसं मी दर महिन्याला प्लॅटफॉर्मवर बघितली आहेत. मध्यरात्र उलटली की तारीख बदलली. तिकीट काढण्याआधी मोठ्यानं म्हणायचं: शुक्रवार संपून शनिवार लागणार. फार साधं आहे, पण भले भले चुकतात.

बाकी ट्रेनचं आता उशीर झालाय. गेल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. डिसेंबरच्या विसाव्या तारखेचं ऑक्टोबरातच उघडून गेलं असणार, आणि नाताळची गर्दी. ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बायका यांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, पण तो शिल्लक असला तर. गाडीनंच जा.

ओंजळताई, दुसरी गोष्ट. लिहू की नको असा कालपासून विचार करतोय. तुमच्या बाबांच्याच वयाचा आहे मी, ७२. तुम्ही हार्टचं म्हणताय. मला तसं वाटत नाही. हार्टची भीती असलेला माणूस घरी एकटा राहायला मागत नाही. तो म्हणेल, मला सोबत न्या.

मी स्वतः चार वर्षं कुठे गेलो नाही. मुलाला सांगायचो, कंटाळा आला, प्रवास आयुष्यभर केला. खरं कारण लघवी. प्रोस्टेट वाढलेला. तासा-सव्वातासानं जावं लागतं, आणि लागली की थांबवता येत नाही. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसमध्ये होतो. ड्रायव्हरला थांबव म्हणालो, तो म्हणाला पुढच्या ढाब्यावर. पुढचा ढाबा चाळीस मिनिटांनी आला. पुढचं लिहीत नाही. नात शेजारी बसली होती.

त्यानंतर कुठे जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मुलीला हे सांगता येत नाही हो. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. तुमच्या बाबांचं हेच आहे असं नाही. पण जावयाला एकदा विचारायला सांगा. तुम्ही विचारू नका.

---

भटकभवानी · १६ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

गार्डकाका, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

आणि बायकांचंही हेच आहे, फक्त आम्हाला ते नवीन नाही. शाळेच्या सहलीपासून आम्ही पाणी न पिता प्रवास करतो. आई सांगून ठेवायची, 'बेतानं पी.'

---

वळीव · १६ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

बाबांच्या विषयात मला बोलता येणार नाही, पण तीनच्या जागेवर लिहितो.

काळजी आणि पॅनिक यात फरक आहे, तो मला फार उशिरा कळला. २०१९ मध्ये पुणे-मुंबई बसमध्ये, बोगद्यात गाडी अडकली असताना छाती धडधडायला लागली, हात बधिर, श्वास पुरेना. वाटलं संपलं. ईसीजी स्वच्छ. तरी पुढे दोन वर्षं मी द्रुतगती महामार्गावर गेलो नाही. कामाची मीटिंग असली तर कारणं काढायचो. त्या दोन वर्षांत माझं जग कात्रज ते पिंपरी एवढंच होतं.

शेवटी समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी काही जादू केली नाही. आधी फक्त टोलनाक्यापर्यंत जाऊन परत यायचं, तेही मित्राबरोबर. मग एकट्यानं. मग लोणावळा. प्रत्येक वेळी धडधड व्हायची, आणि प्रत्येक वेळी थोड्या वेळानं आपोआप उतरायची. ती उतरते हे अंगाला कळायला हवं असतं, डोक्याला कळून भागत नाही. गाडी सोडून पळालो की नेमकं तेवढं शिकायचं राहून जातं. मी पाचव्या खेपेला खोपोलीत वडापाव खाल्ला, त्याची चव अजून तोंडात आहे.

ओंजळ, तुमचं मला साधं काळजीचं वाटतंय, आजार नाही वाटत. पण सहल होऊन गेल्यावरही जाग राहिली तर बोला कोणाशी तरी. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि रात्री तीनला एक्सेल उघडू नका. तीनला सुचलेलं कागदावर एका ओळीत लिहा आणि सकाळी बघा. माझा अनुभव असा की सकाळी त्यातलं अर्धं वाचताच येत नाही.

---

मिरजेची_मी · १६ नोव्हेंबर, संध्या. ६.३०

सहा तासांचा रस्ता म्हणजे उलटीच्या गोळ्या ठेवाच. आम्ही निघताना सगळ्यांना एकेक देतो, म्हाताऱ्यांनाही. मस्त झोपतात, कटकट नाही.

---

कडुलिंब · १६ नोव्हेंबर, रात्री ९.१२

थांबा, थांबा. मी फिजिशियन आहे, एरवी इथे फक्त पाककृती वाचायला येते, पण हे वाचून राहवेना.

प्रवासात लागू नये म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्या गोळ्या वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाला धोक्याच्या ठरू शकतात. त्यानं लघवी तुंबू शकते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांचंही तसंच. रात्री अनोळखी गावात लघवी पूर्ण अडली तर ती इमर्जन्सी असते आणि प्रचंड दुखतं. शिवाय म्हातारी माणसं या गोळ्यांनी 'मस्त झोपत' नाहीत, भोवंडतात, पडतात. सगळ्यांना एकेक गोळी वाटणं बंद करा. ज्याला खरंच गाडी लागते त्याला पुढच्या सीटवर बसवा, लांबवर रस्त्याकडे बघायला सांगा, आलेपाक द्या. आणि ही वाट घाटाची नाहीच मुळात.

पाणी बंद करणं हा त्याहून वाईट उपाय. बीपीच्या गोळ्या चालू, त्यात पाणी नाही, त्यात चार तास बसून एकदम उभं राहायचं: चक्कर. त्यात बद्धकोष्ठ झालं तर प्रोस्टेटवाल्याची अडचण आणखी वाढते. पाणी प्यायचंच, घोटघोट, दिवसभर विभागून. कमी करायचा तो चहा. बाबांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची हे तेच सांगतील. आपल्या मनानं गोळी चुकवायची नाही, अँजिओप्लास्टी झालेल्यानं तर कुठलीच नाही.

आणि कुठल्याही औषधांच्या दुकानात युरिन पॉट मिळतो. झाकणाचा घ्या. गाडीत मागे एक चादर आणि तो पॉट असला ना, की बहुतेक वेळा तो वापरायची वेळच येत नाही. आहे एवढं कळलं तरी पुरतं.

औषधं दोन ठिकाणी, चिठ्ठीचा फोटो दोन फोनमध्ये. १०८ महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे चालतो. तुमच्या हॉस्पिटलांच्या शीटमधली एवढी एकच ओळ ठेवा.

---

मिरजेची_मी · १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

बाप रे. आमचे सासरे गेल्या वर्षी तुळजापूरला जाऊन आले आणि रात्री तसंच झालं होतं. आम्ही म्हटलं बाहेरचं खाणं बाधलं. धन्यवाद डॉक्टर. गोळ्यांची पट्टी आत्ता फेकली.

---

ओंजळ · १९ नोव्हेंबर, रात्री १०.३०

गार्डकाका, तुम्ही म्हणालात तेच निघालं.

नवऱ्यानं रविवारी बाबांना 'टायरमध्ये हवा भरायला' बरोबर नेलं. दीड तास हवा भरत होते. परत आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "तू हॉस्पिटलची शीट उडव." गेल्या वर्षी अक्कलकोटला जाताना बाबा गाडीत एकदम चिडले होते, जेवायला उतरल्यावर ताटावरून उठून गेले होते. मी त्यावरून त्यांना ऐकवलंही होतं, चारचौघांत. ते का चिडले होते ते आता कळलं. आम्ही दोन तास थांबलो नव्हतो कारण मी 'वेळेत पोचायचं' म्हणत होते.

मला वाईट वाटलं ते वेगळंच. माझ्या त्रेचाळीस ओळींमध्ये ढगफुटी होती, गाडीला आग होती, हंपीत चेंगराचेंगरी होती. ही ओळ नव्हती.

बाबांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. औषध सुरू केलंय. पॉट आणलाय, आईच्या साडीच्या पिशवीत गुंडाळून डिकीत ठेवलाय. बाबांना दिसेल असा, पण लेकीला दिसणार नाही असा. पाऊण-एक तासाला थांबायचं असं ठरवलंय, पण त्यांच्या नावावर नाही. नवऱ्यानं जाहीर केलंय की त्याची कंबर दुखते, त्याला सारखं उतरावं लागतं. बाबांनी त्याला कमरेचा पट्टा आणून दिला. कळून की न कळून, देव जाणे.

काल रात्री तीनला जाग आली. पाणी प्यायले, झोपले.

---

निवृत्त_गार्ड · २० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

जावयाला माझा नमस्कार सांगा.

---

जुना_खोडकर · २० नोव्हेंबर, सकाळी ८.४०

मीही कालच एक पॉट आणलाय. कोणाला सांगू नका. (इथे लिहिलं म्हणजे सगळ्यांना सांगितलंच म्हणा.)

---

बेळगावकर · २० नोव्हेंबर, सकाळी ९.०५

वाटेत थांबायचं तर पेट्रोल पंपावर थांबा. मोठ्या, नव्या पंपावर, जिथे ट्रक कमी आणि कुटुंबं जास्त दिसतात तिथे. तेल भरायलाच पाहिजे असं काही नाही. विजयपुरा सोडून खाली उतरलात की कोल्हारला कृष्णेचा लांबलचक पूल लागतो, अलमट्टीचं पाणी दोन्हीकडे पसरलेलं. पुलावर थांबू नका, पलीकडे गेल्यावर थांबा.

---

ओंजळ · २९ डिसेंबर, रात्री ९.२०

आलो. परवाच आलो, पण धुणं.

मोठा वृत्तान्त लिहिणार नाही, काय झालं तेवढंच सांगते. पहिल्या दिवशी सोलापूरपर्यंत सहा वेळा थांबलो. मावशीकडे पोचायला चार वाजले, तिनं दीडला पोळ्या लाटून ठेवल्या होत्या, ओरडा बसला. दुसऱ्या दिवशी बाबा विजयपुरापर्यंत गप्पच होते. कोल्हारच्या पुलापलीकडे उतरलो तेव्हा आपणहून म्हणाले, "चहा नको, पाणी दे." मी बाटली दिली आणि दुसरीकडे बघितलं.

बनशंकरीला गर्दी बेताची होती, नवरात्राची तयारी चालू होती. आईनं ओटी भरली. रडली थोडी. तळ्याच्या पायरीवर भाकरी-एणगायी खाल्ली. ती वाढणाऱ्या मावशी कानडीत बोलत होत्या आणि आई मराठीत, आणि दोघींचं पाऊण तास चाललं होतं. विषय गुडघे असावा, कारण दोघी गुडघ्यावर हात मारत होत्या.

हंपीत फसले ती मी. एक्सेलमध्ये २५ डिसेंबरला विठ्ठल मंदिर 'सकाळी ११' लिहून ठेवलं होतं, भटकभवानीनं सांगूनही. नाताळचा दिवस. बॅटरीच्या गाडीची रांग बघून मलाच धडधडायला लागलं. सव्वा तास उन्हात उभे. मी सगळ्यांची माफी मागत होते. तर बाबा म्हणाले, "पंढरपूरच्या रांगेत उभं राहतो तेव्हा कुठे कोणाची माफी मागतेस?" मग लेकीला भानुदासांची गोष्ट सांगत बसले. कृष्णदेवरायानं पांडुरंग पंढरपुराहून हंपीला नेला, आणि एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी तो परत आणला, अशी ती आख्यायिका. रांगेतली एक सोलापूरची आणि एक नगरची मंडळी सरकून ऐकायला आली. सव्वा तास कुठे गेला कळलं नाही.

पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ लेकीनं नोट धरून जुळवून बघितला. बाबा मात्र गाभाऱ्याशी गेले. आत मूर्ती नाही. बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. तो घरी गेलाय."

पॉट एकदाही लागला नाही.

---

कडुलिंब · २९ डिसेंबर, रात्री ९.४८

म्हटलं होतं ना.

---

वळीव · २९ डिसेंबर, रात्री १०.१०

आणि तीनची जाग?

---

ओंजळ · २९ डिसेंबर, रात्री १०.२५

होसपेटला दोन रात्री आली. एकदा गिझरसाठी (घरचा, चालू राहिला की काय म्हणून. फोटो होता, थँक यू खारी_बिस्कीट), एकदा विनाकारण. आल्यापासून नाही. पण काल बाबांनी विचारलं, "काशीला किती दिवस लागतात गं?" त्यामुळे आज बघायचं.

---

बेळगावकर · ३० डिसेंबर, सकाळी ८.५०

गुळेदगुड्डला गेला होता की नाही? खण किती घेतले, कितीला पडले?

---

ओंजळ · ३० डिसेंबर, सकाळी ९.१२

गेलो होतो. आई दोन तास दुकानातून बाहेर आली नाही. आकडा मात्र इथे लिहू नको म्हणालीय. बाबांना मी हा धागा परवा वाचायला दिला, आता ते रोज उघडतात.